रद्दीतला लिफाफा

सेनरी, ओसाका
गुरुवार, ११ जून १९९८

प्रिय अनू,

एवढं लिहून मी दहा मिनिटं पेन खाली ठेवलं होतं. 'प्रिय' खोडावंसं वाटलं, मग म्हटलं राहू दे, खोटं नाहीये ते. पण त्याच्या शेजारी आणखी एक शब्द लिहायला हवा होता आणि तो मी चौदा वर्षांत कधी लिहिला नाही. येईल पुढे. पत्र लांबणार आहे. पोरांचे पेपर तपासत बसली असशील तर ते आधी बाजूला सार, कारण यात एका म्हाताऱ्या बाईंचं काम अडकलंय आणि ते दहा ऑगस्टच्या आत झालं नाही तर कधीच होणार नाही. दहा ऑगस्ट म्हटल्यावर तुझ्या डोक्यात उजेड पडला असेल. ती तारीख मला तूच कळवली होतीस.

तुझं ऑक्टोबरचं पत्र माझ्यासमोर आहे. सोबत फोटो होता. तू तुझ्या खोलीच्या दाराशी उभी, दारावर पितळी पाटी, पाटीवर तुझं नाव आणि त्याच्यापुढे 'प्रोफेसर'. उल्हासने तो कौतुकाने फ्रिजवर लावला. नुपूरने विचारलं, ही मावशी कोण, तर म्हणाला, तुझ्या आईची जिवाभावाची मैत्रीण, अमेरिकेला इतिहास शिकवते, म्हणजे अमेरिकेला अमेरिकेचाच इतिहास शिकवते, आहेस कुठे! दोघं खूप हसली. मी पण हसले. दुसऱ्या दिवशी फ्रिजमागचं पुसायच्या निमित्ताने तो फोटो फ्रिजच्या दारावरून काढून भिंतीकडच्या बाजूला लावला. तिथे आठ महिने तू भिंतीकडे तोंड करून उभी आहेस. हे उल्हासला अजून कळलेलं नाही. पुरुषांचं लक्ष कुठे असतं!

तुला आठवतं, सुप्रभाबाई एम.ए.च्या वर्गात काय करायच्या? अमेरिकेचा इतिहास शिकवताना त्या तारखा पाठ करू द्यायच्याच नाहीत. गुलामी संपल्याचा जाहीरनामा निघाला, बरं, मग दुसऱ्या दिवशी सकाळी काय झालं? बायकांना मत मिळालं, उत्तम, पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्या घरात चहा कुणी केला? काळ्या-गोऱ्या मुलांची वेगळी शाळा बेकायदा ठरली, ठीक, दुसऱ्या दिवशी सकाळी ती पोरं कुठल्या फाटकातून आत गेली? आपण दोघी वेड्यासारख्या ती उत्तरं शोधायचो. पिवळ्या पुठ्ठ्याची वही होती, डावीकडे तू वळण लिहायचीस, उजवीकडे मी दुसऱ्या दिवशीची सकाळ लिहायची. विद्यापीठाच्या लायब्ररीत पुस्तकं तुटपुंजी, म्हणून निम्म्या सकाळी मी मनानेच रचायची आणि तू पेन्सिलने बाजूला 'पुरावा?' असं लिहायचीस. मला तेव्हाही राग यायचा.

बेचाळीस सालच्या पानावर मात्र उजवी बाजू कोरी राहिली होती. एकोणीस फेब्रुवारीला राष्ट्राध्यक्षांनी हुकमावर सही केली आणि अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या सव्वा लाखाच्या आसपास जपानी वंशाच्या माणसांना घरादारातून उचलून छावण्यांत टाकायचा रस्ता मोकळा झाला. त्यातले बहुतेक जन्माने अमेरिकन. दुसऱ्या दिवशी सकाळी काय झालं? मला काही रचतासुद्धा आलं नाही.

नंतरचं तुला माहीत आहे, निदान तुला तसं वाटतं. स्कॉलरशिपच्या यादीत मी पहिली, तू दुसरी. जागा एकच. मी गेले नाही, कारण आमच्या बाबांनी परवानगी दिली नाही. मग तू गेलीस. दर दोन-तीन वर्षांनी तू पत्रात लिहितेसच, विभा, ती जागा तुझी होती, तुझ्या बाबांनी तुझं फार नुकसान केलं, मला अजून अपराधी वाटतं. खरं सांगू? ते वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचायची. तुला अपराधी वाटतंय एवढंच माझ्या वाट्याचं सुख होतं, आणि मी ते पुरवून पुरवून खाल्लं.

आता इकडचं सांगते. उल्हासच्या कंपनीने आम्हाला पाच वर्षांपूर्वी इथे आणलं. दोन वर्षांचं म्हणाले होते. तो सकाळी सातला जातो आणि रात्री दहाच्या गाडीने येतो, येताना स्टेशनवरच्या कोंबिनीतून, म्हणजे त्या अष्टौप्रहर उघड्या दुकानातून, काहीतरी उचलून आणतो. नुपूर नऊची झाली. माझ्याशी मराठीत सुरुवात करते, इंग्रजीत वळते आणि भांडायचं असेल तर जपानीत शिरते, कारण तिथे मी हरते. मी कम्युनिटी सेंटरमध्ये आठवड्यातून तीन दुपारी पोरांना इंग्रजी शिकवते. सफरचंद, बॉल, मांजर. अमेरिकेचा इतिहास घेऊन पहिल्या वर्गात आलेली बाई!

आमची चाळवजा पाच मजली इमारत आहे. इथे कचऱ्याचा धर्म फार कडक. जळणारा सोमवार-गुरुवार, बाटल्या वेगळ्या, डबे वेगळे, आणि दुसऱ्या बुधवारी रद्दी, तीही उभ्या-आडव्या सुतळीने बांधून. प्रत्येक घराला आळीपाळीने आठवडाभर कचऱ्याची पाळी येते, तिला म्हणतात गोमी-तोबान. पाळी ज्याची त्याने जाळी लावायची, कुणी चुकीचं टाकलंय का बघायचं, गाडी गेल्यावर झाडून घ्यायचं. परदेशी बाई म्हणून सुरुवातीला सगळ्या माझ्या पिशव्यांकडे डोळ्यांत तेल घालून बघायच्या. म्हणून मीही इरेला पेटले. माझ्या पाळीच्या आठवड्यात दुधाच्या खोक्याचं झाकणसुद्धा चुकीच्या ढिगात जात नाही. हे सांगायचं कारण पुढे येतं.

खालच्या मजल्यावर नाकानिशी-सान राहतात. बहात्तर वर्षांच्या, एकट्या, नवरा जाऊन दहा वर्षं झाली. अबोल बाई. दोन वर्षांपूर्वी नुपूर सायकलवरून पडली, गुडघा फुटला, मी वर गॅसपाशी. खिडकीतून बघते तर नाकानिशी-सान तिच्यापाशी उकिडव्या बसून तिला काहीतरी सांगताहेत आणि नुपूर रडायची थांबून तोंड उघडं टाकून ऐकतेय. धावत खाली गेले. अगं, त्या इंग्रजी बोलत होत्या! आपल्यासारखं पुस्तकी नाही, इथल्या लोकांसारखं अडखळत नाही, अस्सल कॅलिफोर्नियाचं, मधली अक्षरं गिळणारं. मला बघून गप्प झाल्या. मग वर आल्या, माझा चहा प्यायल्या आणि म्हणाल्या की, पन्नास वर्षांत आज पहिल्यांदा तोंडातून निघालं. नवऱ्याला कधी कळू दिलं नव्हतं. कळलं असतं तर शत्रूच्या देशातली म्हणून सासरी जगणं अवघड झालं असतं, आणि पुढे न सांगायची सवयच लागून गेली.

तेव्हापासून दर गुरुवारी दोन ते चार त्या माझ्याकडे यायच्या. चिवडा आवडायचा, शेंगदाणे वेचून आधी खायच्या. आणि इंग्रजीत बोलायच्या. माहेरचं नाव हामागुची हारुए. वडील वाकायामाचे मासेमार, लॉस एंजलिसजवळच्या टर्मिनल आयलंडवर स्थायिक झालेले. आई माशांच्या कारखान्यात. प्रत्येक कारखान्याचा भोंगा वेगळा, बोटी आल्या की वाजायचा, आपला भोंगा वाजला की बाया अर्धी चूल टाकून धावायच्या, मग वेळ कुठलीही असो. अनू, मी त्यांना विचारलं. लाजत लाजत विचारलं. हुकूम निघाला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही काय केलंत?

त्या म्हणाल्या, शुक्रवार होता. नागरिकशास्त्राची परीक्षा होती. विषय, राज्यघटनेने नागरिकांना दिलेले हक्क. हुकमाची बातमी घरी कुणाला नीट कळलीच नव्हती. वर्गात उभं राहून झेंड्याची प्रतिज्ञा म्हटली, पेपर लिहिला, पैकीच्या पैकी मिळाले असं बाईंनी नंतर सांगितलं. पुढच्याच आठवड्यात अठ्ठेचाळीस तासांत बेट खाली करा म्हणून कागद आला. उत्तरपत्रिका शाळेतच राहिली.

ते ऐकून माझ्या अंगावर काटा आला आणि दुसऱ्याच क्षणी मनात काय आलं सांगू? हे अनूला मिळता कामा नये. आधी तू, मग बाकी सगळं. त्या बाईंचं दुःख तिसऱ्या नंबरला. त्याच संध्याकाळी मी नवी वही काढली. मराठीत लिहायला लागले, उजवीकडची पानं. आता तीन वह्या झाल्यात. तुझ्याकडे लायब्ररी आहे, पाटी आहे, पोरं आहेत, परिषदांची विमानाची तिकिटं आहेत. माझ्याकडे ही एकच बाई होती आणि ती पूर्ण माझी होती.

एक गोष्ट मात्र मी वहीत लिहिली नव्हती. छावणीत सतरा वर्षांवरच्या सगळ्यांकडून निष्ठेचा फॉर्म भरून घेतला होता, तुला माहीतच आहे, ते शेवटचे दोन प्रश्न, सैन्याच्या कामाला जाल का आणि फक्त अमेरिकेशी एकनिष्ठ राहाल का. हारुएला नुकती सतरा पूर्ण झाली होती, म्हणून तिलाही फॉर्म. तिने दोन्हीकडे 'नाही' लिहिलं. मी सहज म्हटलं, वडिलांनी लिहायला लावलं असेल. त्या चटकन म्हणाल्या, छे, मी रागाने लिहिलं. पैकीच्या पैकी मार्क घेतलेल्या मुलीला तुम्ही हे विचारता? वडील 'हो' लिहिणार होते. मी 'नाही' लिहिल्यावर ताटातूट नको म्हणून त्यांनी बदललं. त्यावरून आम्ही 'नाही'वाल्यांसाठीच्या तुली लेकच्या छावणीत गेलो, पुढे मी नागरिकत्व सोडलं, सेहेचाळीस साली सगळे जहाजाने वाकायामाला आलो, आणि त्याच हिवाळ्यात खायला नसताना आई गेली. हे सगळं त्यांनी शेंगदाणे वेचत, कुणावर न ढकलता सांगितलं. वडिलांवर ढकलणं किती सोपं असतं हे मला चांगलं माहीत होतं.

मग तुझं ऑक्टोबरचं पत्र आलं. तुझं नवं पुस्तक, अमेरिकेतली वळणं आणि त्यांच्या दुसऱ्या दिवशीच्या सकाळी. म्हणजे आपली पिवळी वही. तू लिहिलं होतंस की प्रस्तावनेत माझे आभार मानणार आहेस. आभार! माझ्या नाकाला काय मिरच्या झोंबल्या म्हणून सांगू. आणि पुढे लिहिलं होतंस, बेचाळीसचं प्रकरण अडलंय, छावण्यांतून सुटून जपानला गेलेलं कुणी मिळत नाही, ओसाका-वाकायामा भागात अशी माणसं असणार, बघशील का? आणि शेवटी, अठ्ठ्याऐंशीच्या कायद्याने सरकारने या लोकांची माफी मागून भरपाई द्यायचं ठरवलंय, बऱ्याच जणांचा पत्ताच लागलेला नाही, ते ऑफिस पुढच्या दहा ऑगस्टला अर्ज घेणं बंद करतंय, कुणी भेटलं तर लगेच सांग.

दोन आठवड्यांनी माझी कचऱ्याची पाळी आली. दुसरा बुधवार. नाकानिशी-सानचा गठ्ठा नेहमीसारखा, चारी कोपरे जुळलेले, सुतळीच्या दोन नीट गाठी. पण वर्तमानपत्रांच्या मध्ये एक खाकी लिफाफा डोकावत होता आणि पाकिटं वेगळ्या ढिगात टाकायची असतात. नियम म्हणजे नियम. ओढून काढला. वॉशिंग्टनचा. अमेरिकन सरकारचा गरुड. नाव हामागुची हारुए, पत्ता वाकायामाच्या गावचा, तिथल्या पोस्टाने सेनरीचा पत्ता घालून पुढे पाठवलेला. फोडलेला होता. आत एक पत्र, एक फॉर्म. फॉर्मवर प्रश्न, प्रश्नांपुढे 'हो' आणि 'नाही'चे चौकोन.

मला लगेच समजलं. त्या बाईंनी पत्र वाचलंच नव्हतं, फॉर्म बघितला होता. ते चौकोन बघितले होते. त्यांना वाटलं, पुन्हा विचारताहेत. जगात दुसरं कुणी हा कागद रद्दीत टाकला नसता, आणि टाकलेला ज्या बाईच्या हाती लागला ती एम.ए. अमेरिकन हिस्टरी! एक जिना उतरून दार वाजवायचं आणि सांगायचं, अहो, हे प्रश्न नाहीत, ही माफी आहे. बस्स, एवढंच काम होतं.

नाही केलं. लिफाफा एप्रनच्या खिशात घातला, रद्दी गाडीत चढवली, जागा झाडली, वर आले. मनाला म्हटलं, त्यांनी स्वतः टाकलंय, आपण कोण? पण चोराच्या मनात चांदणं. खरं कारण असं की माफी घ्यायची तर अमेरिकेतले कागद लागणार, कागदांसाठी तू लागणार, तू आलीस की टेपरेकॉर्डर घेऊन माझ्या जेवणाच्या टेबलापाशी बसणार, आणि माझी बाई तुझ्या पुस्तकाचं सहावं प्रकरण होणार. लिफाफा दिवाळीच्या कंदिलाच्या खोक्यात ठेवला, खोकं कपाटाच्या वरच्या कप्प्यात ढकललं आणि तुला चार ओळी खरडल्या. खूप चौकशी केली, इथे असं कुणी नाही. तू उलट टपाली आभार मानलेस. जळकुकडी माणसं काय काय पचवतात बघ.

आणि दर गुरुवारी त्या येतच होत्या. मी चिवडा करतच होते. त्या कपाटाकडे पाठ करून बसायच्या.

मेच्या शेवटी त्या वाकायामाला गेल्या. बेटावरची बालमैत्रीण, त्याच जहाजाने आलेली, ती वारली होती, तिच्या एकोणपन्नासाव्या दिवसाचा विधी होता. परत आल्यावर गेल्या गुरुवारी, चार तारखेला, माझ्याकडे आल्या आणि चिवड्याला हातच लावेनात. म्हणाल्या, तिच्या फोटोशेजारी एक फ्रेम होती. वॉशिंग्टनचं पत्र. राष्ट्राध्यक्षांची सही. चूक आमची होती असं लिहिलंय. तिचा मुलगा म्हणत होता की हयात असलेल्या सगळ्यांना आलंय. मग मला का नाही आलं? मला वाटतं, मी 'नाही' लिहिलं होतं म्हणून मला नाही पाठवलं. बरोबरच आहे त्यांचं. बहात्तर वर्षांची बाई, अनू, टेबलाच्या कडेवर नखाने रेघ ओढत हे म्हणाली. बरोबरच आहे त्यांचं.

मी स्टूल घेतलं, कंदिलाचं खोकं खाली काढलं, लिफाफा त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो ओळखला. त्याच्यावर अजून सुतळीचा वळ होता, त्यावरून बोट फिरवलं. आतलं पत्र काढून या वेळी पूर्ण वाचलं, अर्जाची शेवटची तारीख बघितली, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. मग इंग्रजीत एकच विचारलं, का?

मी सांगितलं. तुझ्याबद्दल, फोटोबद्दल, पिवळ्या वहीबद्दल, सगळं. स्वतःच्या कानांनी ऐकताना ते इतकं क्षुद्र वाटलं की मधेच थांबावंसं वाटलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं गं! त्या उठल्या, दाराशी जाऊन चपला घातल्या, कमरेत वाकल्या आणि जपानीत म्हणाल्या, ओजामा शिमाशिता. पाहुणे निघताना रीतीने म्हणतात ते, आपल्याला त्रास दिला. दोन वर्षांत माझ्याशी त्यांनी हे कधी म्हटलं नव्हतं. आमच्यात इंग्रजी होतं.

सोमवारी त्यांनी बेल वाजवली. हातात फॉर्म. कामापुरतं बोलणं, तेही जपानीत. मंगळवारी आम्ही तो भरला, वॉर्ड ऑफिसातून त्यांच्या कुटुंबनोंदीचा उतारा काढला, त्यात माहेरचं आणि सासरचं अशी दोन्ही नावं आहेत, मी त्याचं इंग्रजी केलं आणि रजिस्टर्ड पोस्टाने पाठवलं. चौकोनांपाशी आल्यावर त्यांचं पेन थांबलं होतं. मी प्रश्न मोठ्याने वाचला, युद्धकाळात आपण छावणीत होतात का. 'हो'च्या चौकोनात त्यांनी इतक्या जोरात खूण केली की खालचा कागद फाटला. आता अडलंय ते त्यांच्या जन्माच्या दाखल्यावर आणि छावणीच्या नोंदीवर. इथून पत्रं पाठवून ते वेळेत येणं कठीण. तू लॉस एंजलिसमध्येच आहेस, काउंटीच्या ऑफिसात तुला एक सकाळ पुरेल. दाखल्यासाठीचं त्यांच्या सहीचं पत्र आणि छावणीतला कुटुंबाचा नंबर वेगळ्या कागदावर जोडलाय. तो त्यांनी न बघता, एका दमात सांगितला.

हे मागतेच आहे तर दुसरंही सांगून टाकते. बाबा कधी नाही म्हणालेच नव्हते. स्कॉलरशिपचं पत्र आलं त्या संध्याकाळी ते पेढे घेऊन आले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले आणि मला इतकी भीती वाटली, त्या थंडीची, त्या इंग्रजीची, तिथे जाऊन मी काही विशेष नाही हे कळेल याची, की मीच जाणार नाही म्हटलं. लोक विचारतील तर काय सांगू, म्हणून रडले. तर बाबा म्हणाले, माझं नाव सांग. त्यांनी स्वतः दिलं ते नाव, आणि मी ते चौदा वर्षं वापरलं. ब्याण्णव साली तू पुण्याला आलीस तेव्हा रागाने त्यांना भेटली नाहीस. त्यांनी मला विचारलं होतं, अनू इतक्या जवळ येऊन गेली, आपल्याकडे का नाही आली गं? मी म्हटलं, तिला वेळ नव्हता. पुढच्या वर्षी ते गेले. तुझा राग त्यांनी फुकट सोसला, आणि तुझं अपराधीपण मी फुकट खाल्लं. माझी कुणीही कसली जागा घेतली नव्हती.

दाखला हवाय एवढं तर चार ओळींच्या फॅक्समध्ये भागलं असतं. नाकानिशी-सान म्हणाल्यासुद्धा, कामापुरतं लिही. पण निघताना त्यांनी विचारलं, ही मैत्रीण इथे येईल का? तिला मी सगळं पहिल्यापासून सांगेन, लिफाफ्याचंही. तुझ्या वह्यांत आहे ते तुझ्याकडे राहू दे. आज गुरुवार, अडीच वाजलेत, बशीत चिवडा काढून ठेवलाय आणि त्या आलेल्या नाहीत. म्हणून बसले लिहायला. त्या तुला सांगणार हे मला कळलं आणि तेवढंही सहन झालं नाही गं! निदान माझी चोरी तरी तुला माझ्या तोंडून कळू दे, ती तरी माझी असू दे. तर आधी कागद वॉशिंग्टनला पाठव आणि मग जुलैत सुट्टी लागली की ये. वह्या देणार नाही, तेवढी मोठी मी अजून झालेली नाही. त्यांच्या घरी नेऊन तुला सोडीन, दाराशी बसणार नाही, वर येऊन भांडी घासत बसेन. आवाज जरा जास्त येईल, तो मनावर घेऊ नकोस. फोटो मघाशीच सरळ करून लावलाय.

तुझ्यावर जळणारी, तरी तुझीच,
विभा